चरबीतला हरवणारा निरोप

शाळेत शिकलेले चरबीचे रूप कोठाराचे होते, आणि कोठार म्हटले की भरणे आणि उपसणे एवढेच सुचते. ते उघडण्याचा हुकूम कोण देते, हा प्रश्न मला कित्येक वर्षे पडलाच नाही.

तो हुकूम मुख्यतः अनुकंपी (सिम्पथेटिक) चेतातंतू, म्हणजे आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या मज्जासंस्थेचे तंतू, देतात. त्यांच्या टोकांतून निरोप नेणारे रसायन नॉरअ‍ॅड्रेनॅलिन पाझरते, मेदपेशीवरील ग्राहींना, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनांना, चिकटते, आणि आत साठलेल्या चरबीचे विघटन सुरू होऊन मेदाम्ले रक्तात उतरतात. साठा किती आहे, हे मेंदूला कळवणारे लेप्टिन हे संप्रेरक मात्र मेदपेशीच तयार करतात. त्याचे जनुक १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने शोधले. पुढे २०१५ मध्ये पोर्तुगालमधील आना डोमिंगोस यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवले, की चरबीतले हे चेतातंतू नष्ट केले तर लेप्टिन देऊनही चरबी विरघळत नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते त्याच गटाचे २०१७ चे संशोधन. या चेतातंतूंना बिलगून काही भक्षकपेशी राहतात. जंतू गिळणे हे ज्यांचे काम आपण पाठ केलेले असते, त्या पेशी इथे चक्क नॉरअ‍ॅड्रेनॅलिन शोषून घेतात आणि त्याचे तुकडे करतात. लठ्ठ उंदरांत त्यांची संख्या वाढलेली असते. त्यांची ही शोषण्याची क्षमता काढून घेतल्यावर लठ्ठ उंदरांचे वजन घटले. माणसाच्या अनुकंपी चेतागुच्छांतही (चेतापेशींच्या पुंजक्यांतही) अशा पेशी आढळल्या आहेत.

निरोप हरवण्याचा दुसरा मार्ग दाहाचा, आणि तो संशोधकांना याहून आधीपासून माहीत आहे. फुगलेल्या मेदपेशी मरू लागल्या, की भक्षकपेशी त्यांच्याभोवती कडे करतात, आणि त्यांच्याकडून येणाऱ्या टीएनएफसारख्या दाह वाढवणाऱ्या द्रव्यांमुळे उरलेल्या मेदपेशी इन्शुलिनलाच नव्हे, तर नॉरअ‍ॅड्रेनॅलिनलाही पुरेसा प्रतिसाद देईनाशा होतात. म्हणजे निरोप वाटेत गिळला जातो आणि जो पोचतो तोही नीट ऐकला जात नाही. ‘तोंडावर ताबा ठेवा’ एवढाच सल्ला देणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

अर्थात उंदरांवरून माणसाकडे येताना जपून पावले टाकावी लागतात. मेदपेशीवरील याच ग्राहींपैकी एका प्रकाराला चेतवणारे मिराबेग्रॉन हे औषध आज मूत्राशयाच्या तक्रारीसाठी दिले जाते; मोठ्या मात्रेत ते माणसातील तपकिरी चरबी, म्हणजे ऊर्जा जाळून उष्णता देणारी चरबी, जागी करते खरे, पण त्याबरोबर हृदयाचे ठोकेही वाढवते.