आमची वाटचाल: तलंगा ओळखून देणारी हॅचरी

‘गावरानच्या एकदिवसीय माद्या खात्रीने मिळतील’ अशी पाटी आमच्या हॅचरीवर कधी लागली नाही आणि पुढेही लागणार नाही. ही पाटी नसल्यामुळे आमचे किती गिऱ्हाईक शेजारच्या गावातील एका विक्रेत्याकडे वळले, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. तरीही मिश्र पिल्ले मिश्र म्हणूनच विकायची आणि ज्याला माद्याच हव्या असतील त्याच्यासाठी सहा ते आठ आठवडे पिल्ले आमच्याच शेडमध्ये वाढवून, ओळख पटल्यावर तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या, द्यायच्या, हा नियम आम्ही पहिल्या वर्षापासून पाळत आलो आहोत.

भोर तालुक्यात २००९ साली हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा थोरले मेहुणे निम्म्याचे भागीदार होते. पुण्याच्या खडकी येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात प्रशिक्षण घेतलेले तेच. आम्ही फक्त जागा आणि कर्ज काढण्याची तयारी आणली. जुन्या बाजारातून घेतलेला लाकडी सेटर, म्हणजे अंडी उबवण्याची पेटी, आजही मागच्या खोलीत आहे. त्याचा दरवाजा नीट बसत नसे, म्हणून कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकली होती. दमटपणा मोजणाऱ्या ओल्या थर्मामीटरची वात दर आठवड्याला बदलायची, सातव्या आणि अठराव्या दिवशी अंडी दिव्यासमोर धरून पारखायची, शेवटचे तीन दिवस अंडी फिरवणे थांबवून दमटपणा वाढवायचा, हे सर्व मेहुण्यांच्या हाताखाली शिकलो. तापमान ३७.५ अंशांच्या आसपास ठेवले की एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येते. पण ते कोणाचे पिल्लू आहे हे लिहून ठेवले नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, असे ते नेहमी बजावत.

म्हणूनच त्यांनी पहिल्याच महिन्यात टो पंच घेतला. पिल्लाच्या दोन बोटांमधल्या पातळ पडद्याला बारीक छिद्र पाडणारे हे चिमट्यासारखे अवजार खिशात मावते. दोन्ही पायांचे मिळून चार पडदे असल्यामुळे छिद्रांच्या जागा बदलून सोळा वेगवेगळ्या खुणा करता येतात. ऱ्होड आयलंड रेड, ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प, कडकनाथ, असील आणि आमची मावळी गावरान अशा प्रत्येक कळपाला आम्ही स्वतंत्र खूण दिली. पंच धारदार असावा, बोथट पंचाने पडदा फाटतो आणि भोक आठ दिवसांत बुजते. नवख्या हॅचरीवाल्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

आता नर-मादीचा विषय. पहिल्या दिवशी पिल्लाचे गुदद्वार उघडून लिंग ओळखण्याची पद्धत जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी १९२० च्या दशकात विकसित केली, आणि लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळायच्या कोंबड्यांच्या, मोठ्या हॅचऱ्या त्यातले कुशल कारागीर आजही नेमतात. कच्च्या हाताने हेच केले तर पिल्लू दगावते. पंखांच्या पिसांवरून ओळखण्याची पद्धत सोपी आहे. मादीची मुख्य पिसे वरच्या आवरणाच्या पिसांपेक्षा लांब असतात, नराची जवळजवळ सारखी असतात. मात्र, ज्या कळपात उशिरा पिसे फुटण्याचा गुण आईकडून यावा अशी योजना केलेली असते, तिथेच हे चालते. गावरानमध्ये अशी योजना कोणी केलेली नाही, त्यामुळे तिथे पंख उलगडून ‘ही मादी’ सांगणारा माणूस एक तर अज्ञानी असतो किंवा लबाड. ऱ्होड आयलंड रेडचा नर आणि पट्टेदार प्लायमाउथ रॉकची मादी यांची पिल्ले मात्र जन्मतःच ओळखता येतात, कारण नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो आणि मादीचे डोके काळे राहते. उलटा संकर केला तर ही सोय नाहीशी होते.

आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक वेल्ह्याकडच्या एक मावशी आहेत. सुरुवातीला त्या लांबट अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते असे ठामपणे सांगत, आणि आम्ही त्यांना कोंबडीच्या बाबतीत नर-मादी आईच्या बीजावर ठरते व अंड्याच्या आकाराचा त्याच्याशी संबंध नसतो हे समजावत असू. त्या ऐकत, मान डोलावत आणि पुन्हा गोल अंडी निवडून खुडूक कोंबडीखाली ठेवत. परंतु पाच आठवड्यांच्या पिल्लांत त्यांची नजर आमच्यापेक्षा तयार होती. तुऱ्याकडे सगळेच बघतात. मावशी आधी पाय बघत. नराचे पाय जाड, चाल दाणकट, आणि अचानक आवाज झाला की तो मान ताठ करून उभा राहतो, तर तलंग अंग चोरून खाली बसते. असीलचा तुरा मुळातच आखूड आणि कडकनाथचा काळपट, त्यामुळे या दोन जातींत तुऱ्याच्या लालीवर विसंबणाऱ्याला फसावेच लागते. आठ-दहा आठवड्यांनी शेपटीच्या मुळाशी अणकुचीदार, चकचकीत पिसे फुटली की मग वाद उरत नाही.

पुढची काही वर्षे व्यवसाय बरा चालला. मग कडकनाथची लाट आली.

झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि पश्चिम महाराष्ट्रात पिल्ले देऊन अंडी व पक्षी परत विकत घेण्याच्या योजनांचे पेव फुटले. त्याच सुमारास वर सांगितलेल्या विक्रेत्याने काळी पिल्ले ‘भोरच्या हॅचरीची’ म्हणून आमच्यापेक्षा निम्म्या दराने विकायला सुरुवात केली. दोन महिन्यांत लोक आमच्या फाटकाशी येऊन भांडू लागले, कारण निम्म्या पक्ष्यांचे पाय फिके निघाले होते. आम्ही ते पक्षी उलटे धरून पाहिले, तेव्हा फिके निघालेले सगळे नर आणि काळ्या राहिलेल्या सगळ्या माद्या होत्या. जाणकाराला एवढ्यावरच उलगडा व्हावा. कडकनाथचा नर पिवळ्या पायांच्या कोंबडीवर सोडला की काळेपणा रोखणारा आईचा गुण फक्त नर पिल्लांत उतरतो. म्हणजे तो सरळसरळ संकर होता, आणि एकाही पक्ष्याच्या पायाच्या पडद्यावर आमची खूण नव्हती. हे आम्ही चारचौघांत दाखवले. काहींनी मान्य केले, काहींनी आमचे थकलेले पैसे कधीच दिले नाहीत, आणि ज्याने पिल्ले विकली त्याला कोणी जाब विचारला नाही.

२०१९ मध्ये त्या योजनांवरचा विश्वास उडाला, तेव्हा खऱ्या कडकनाथलाही गिऱ्हाईक उरले नाही. सेटरमध्ये अंडी भरलेली आणि आगाऊ नोंदणी रद्द, अशा अवस्थेत मेहुण्यांनी आपला हिस्सा काढून घेतला. घरच्या लग्नाचे कारण होते, ते आम्ही समजून घेतले. तरी सेटर बंद करण्याच्या दिवशी ते आले नाहीत, ही गोष्ट अजून सलते. २०२० मध्ये कोंबडीमुळे करोना होतो ही अफवा, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा गावात बर्ड फ्लू निघाल्यावर पुन्हा तीच धास्ती. त्या काळात कर्जाचे हप्ते निघाले ते मावशींमुळे. त्यांनी आपल्या बचत गटातल्या बायकांना प्रत्येकी पंचवीस तलंगा आणि तीन नर असे गट आमच्याकडून घ्यायला लावले, आणि निम्मी रक्कम आधी दिली.

आज आम्ही गावरान आणि कडकनाथचे मूळ कळप वेगळ्या आवारात ठेवतो आणि मागणाऱ्याला पिल्लांचे आईबाप दाखवतो. कुठूनही पिल्ले घेताना हा हट्ट धरावा. कडकनाथ म्हणून दिलेल्या पिल्लाची चोच उघडून जीभ आणि पंखाखालची कातडी काळी आहे का ते पाहावे. ऑस्ट्रॉलॉर्पचे पिल्लू वरून काळे असले तरी पोटाखाली पांढरट असते. दारावर टोपलीतून येणारी रंगवलेली पिल्ले बहुधा लेअर हॅचरीतले टाकून दिलेले नर असतात, त्यांच्याकडून अंड्यांची आशा धरू नये. दहा माद्यांमागे एक नर पुरतो, जादा ठेवले तर माद्यांच्या पाठीची पिसे झडतात. पहिल्या आठवड्यात लासोटा ही राणीखेत रोगावरची आणि दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगावरची लस आम्ही देऊनच पाठवतो, सहाव्या आठवड्यानंतरची देवीची लस ज्याची त्याने द्यायची आहे. आमच्याकडून घेतलेली तलंग नर निघाली तर दहा आठवड्यांच्या आत बदलून मिळते. त्यानंतर आरवणारा कोंबडा काखेत मारून कोणी आले, तर चहा मिळेल, पैसे मिळणार नाहीत, आणि हा नियम मावशींनाही लागू आहे.