आमची वाटचाल : पिंपळगाव-निफाड पट्ट्यातलं बॅटरीचं दुकान

डिसेंबरात आमचं शटर पहाटे पाचला उघडतं. द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला याचं कारण सांगायला नको. मण्यात पाणी उतरत असताना पारा घसरला की पहाटेच ड्रिप सोडायचं, बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि भुरी या बुरशीवरचा फवाराही वेळेत उरकायचा. फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरवर, ट्रॅक्टर सेल्फवर, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरवर, आणि सेल्फ बॅटरीवर.

नाशिकच्या सातपूरला एका बॅटरीवाल्याच्या हाताखाली मी हे काम शिकलो. निघताना त्यांनी मला त्यांचा काचेचा हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी, दिला. त्याची रबरी फुगी मी तीनदा बदलली, काच अजून तीच आहे. त्यासोबत बॅटरीवर भार टाकून तपासायचा लोड टेस्टर, व्होल्टचा मीटर, तारेचा ब्रश आणि गरम पाण्याची किटली, एवढ्या भांडवलावर दुकान उभं केलं. पुढची वर्षं बरी गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

सांगायचं आहे ते २०१८ च्या डिसेंबरचं. त्या महिनाअखेरीला निफाडचा पारा दोन अंशांखाली गेला होता. त्याच्या थोडं आधी आमच्या समोर दुसरं दुकान आलं. जुनी द्या, नवी न्या, पैसे द्राक्षं विकल्यावर, अशी त्यांची रीत. याला माझी हरकत नव्हती, धंदा ज्याचा त्याने करावा. पण एका आठवड्यात आमच्या पाच गिऱ्हाइकांचे ट्रॅक्टर सकाळी उठेनात, तेव्हा त्या गृहस्थाने गावोगाव सांगितलं, की आम्ही जुन्या, दुरुस्त करून पुन्हा भरलेल्या बॅटऱ्या नवं स्टिकर लावून विकतो. आजवर एकही भरलेली बॅटरी मी नवी म्हणून विकलेली नाही. ते बोलणं मला अजून विसरता येत नाही.

महिनाभर गिऱ्हाईक फिरकलं नाही. भाडं थकलं, बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या. दुकान बंद करून परत सातपूरला जायचं जवळजवळ ठरलं होतं.

तेव्हा गोदाकाठच्या अण्णांचा फोन आला. माझं पहिलं गिऱ्हाईक, आणि त्या पाचांतलेच एक. म्हणाले, "लोक काय म्हणतात ते राहू दे. माझा ट्रॅक्टर उठत नाही, तू येऊन बघ." सहाच्या आत पोचलो. बॅटरी ८८ अँपिअरची, दोन वर्षांची. मीटर लावला, १२.५ व्होल्ट. सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, १२६०च्या आसपास. लोड टेस्टरवरही काटा टिकला, म्हणजे बॅटरी ठीक होती. तरी चावी फिरवली की सेल्फ एकदा घुर्र करून बसे.

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि अण्णांना सेल्फ मारायला सांगितलं. काटा दोन व्होल्टवर गेला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर जाता कामा नये, गेला तर मधला जोड खराब. अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह जोडणारी पट्टी, ट्रॅक्टरच्या सांगाड्याला (चेसिसला) जिथे बसते तो बोल्ट काढला, तर खाली हिरवट-पांढरा थर. ब्लोअरचा तुषार मागे ट्रॅक्टरवरच बसतो, आणि त्यातलं तांबं-गंधक वर्षानुवर्षं तिथे साचत गेलेलं. दोन्ही बाजू ब्रशने लोखंड चमकेपर्यंत घासल्या, बोल्ट आवळला, वर पेट्रोलियम जेली लावली. दुसऱ्या सेल्फला ट्रॅक्टर उठला. अण्णा सीटवरून उतरले नाहीत, थेट बागेत गेले.

उरलेल्या चार जणांकडे मी न बोलावता गेलो. तिघांकडे हाच आजार होता. चौथ्याचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, चार्जच करत नव्हता, इंजिन चालू असतानाही बॅटरीवर साडेबाराच व्होल्ट. तिथे १३.८ ते १४.४ हवेत. पाचांपैकी एकाचीही बॅटरी मेलेली नव्हती. अण्णांनी हे पिंपळगावच्या बाजार समितीत, माझ्यासाठी काही मागितलेलं नसताना, चार माणसांत उभं राहून सांगितलं. लोक परत आले. पाटल्या सोडवायला मात्र दोन हंगाम लागले.

थंडीत बॅटरीची ताकद घटते, आणि त्याच वेळी ऑइल घट्ट होऊन इंजिन जड फिरतं. म्हणून उन्हाळ्यात जे दुखणं दिसत नाही ते जानेवारीत उघडं पडतं. सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. क्लच दाबूनच मारा, गिअरबॉक्सच्या घट्ट ऑइलचं ओझं सेल्फवर येत नाही. इंजिन गरम करणारा हीटर असेल तर तो तापेपर्यंत चावी धरून ठेवायचा धीर धरा, आणि हीटरच्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे कधीच मारू नका, भडका उडतो. पाणी डिस्टिल्डच घाला, ॲसिड नको. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी सोडा, बसवताना शेवटी लावा. एका सेलची ग्रॅव्हिटी बाकीच्यांपेक्षा पन्नासने खाली असेल आणि चार्जिंगनेही वर येत नसेल, तरच नवी घ्या. आणि घेतलीत तर खालची क्लॅम्प घट्ट आवळा. शेतातल्या हादऱ्यांनी प्लेटा झडतात, मग दोष आमच्या मालाला येतो.

अण्णा आता ट्रॅक्टरवर बसत नाहीत. गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीच्या, आधी त्यांचा मुलगा ट्रॅक्टर दुकानासमोर आणून उभा करतो. सगळ्यात आधी मी त्याचा अर्थिंगचा बोल्ट उघडतो.