कंट्रोलची रेघ उमटली, पण रक्त कुठे होतं?

गणपतीच्या दिवसांत ठाण्यात तापाचे नमुने वाढतात आणि लॅबच्या टेबलावर डेंग्यूच्या रॅपिड चाचणीच्या कार्डांची रांग लागते. त्या दुपारी त्यातल्या एका कार्डापाशी मी अडले. वर्तकनगरचा तरुण, तापाचा सहावा दिवस. प्लेटलेट ६२ हजार, पांढऱ्या पेशी २,८००. कार्डावर आयजीएम आणि आयजीजी (डेंग्यूविरुद्ध शरीर बनवतं त्या अँटिबॉडी) दोन्ही निगेटिव्ह, सीची, म्हणजे चाचणी चालली हे सांगणारी कंट्रोलची रेघ मात्र ठसठशीत.

एनएस-१ (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन) सहाव्या दिवशी निगेटिव्ह आला तर नवल नाही, ते अँटिजेन तोवर कमी होत जातं. पण आयजीएम साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसायला लागतं. डेंग्यू दुसऱ्यांदा झाला असेल तर आयजीएम फिकट राहतं, आयजीजी मात्र लवकर आणि जोरात येतं. दोन्ही कोरी, हे प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी दाखवणाऱ्या सीबीसीशी (रक्तपेशींच्या मोजणीशी) जुळेना.

कार्ड उजेडात धरलं. नमुना ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतल्या रक्ताचा होता. ते टाकलं की कार्डावरच्या नमुन्याच्या खळग्यात लालसर डाग राहतोच. इथे खळगा पांढरा, आणि प्लास्टिकच्या कडेवर वाळलेला लाल ठिपका. किटमधल्या ड्रॉपरमध्ये बुडबुडा अडकला की असं होतं: १० मायक्रोलिटरचा इवलासा थेंब, तो कडेलाच चिकटतो, आतल्या पट्टीला लागतच नाही.

मग रेघ कशी आली? अशा कार्डांत कंट्रोलची रेघ रुग्णाच्या रक्ताला धरत नाही, कार्डात आधीच वाळवून ठेवलेल्या रंगीत कणांना धरते. नुसता बफर (नमुन्याला पट्टीवर पुढे नेणारं द्रावण) वाहिला तरी कण पुढे सरकतात. खात्रीसाठी एका नव्या कार्डावर फक्त बफर टाकला. तितकीच गडद रेघ! ते कार्ड मी सगळ्यांना दाखवलं.

नमुना पुन्हा लावला. नळी आठ-दहा वेळा सावकाश उलटसुलट केली. पाऊच खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडला, फ्रीजमधून काढून लगेच फोडला तर पावसाळी हवेत पट्टी ओल धरते. मायक्रोपिपेटची टिप पट्टीला टेकवून १० मायक्रोलिटर सोडले. बफरची बाटली उभी धरून दोन थेंब. तिरकी धरली की थेंब लहानमोठा पडतो. किती थेंब हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, जुन्या किटच्या सवयीने टाकले की घोटाळा. आठव्या मिनिटाला आयजीजी दिसलं, बाराव्याला फिकट आयजीएम. १५ मिनिटांनी वाचलं. आमच्या किटला २० मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नसते.

रिपोर्ट अजून गेला नव्हता. डॉक्टरांना लगेच फोन केला आणि सीरम (रक्तातला पेशींविना उरलेला द्रव) मॅक-एलायझासाठी, म्हणजे आयजीएम शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीसाठी, सरकारी केंद्राकडे पाठवलं, कारण नुसत्या रॅपिड कार्डावर डेंग्यू पक्का धरत नाहीत.

सीरमला लाल रंग नसतो, तिथे खळगा पाहून चूक सापडणार नाही. त्यामुळे आता ड्रॉपर बंद केलेत. नमुना पिपेटनेच घेतो, आणि सोडल्यावर टिप रिकामी झाली का हे उजेडात धरून बघतो.