लिंक्डइनवर कामाबद्दल लिहिताना

मुंबईत इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करणाऱ्या तरुण अभियंत्यांना मी लिंक्डइनवर नियमित लिहिण्याचा आग्रह करतो. मात्र काय लिहावे, याबाबत माझे मत प्रचलित सल्ल्याहून बरेच वेगळे आहे. पहाटे उठण्याचे फायदे किंवा ‘कळविण्यास आनंद होतो की’ अशा थाटाच्या घोषणा कोणीही लिहू शकतो, आणि म्हणूनच त्यांतून लिहिणाऱ्याला नेमके काय येते, हे कळत नाही.

माझी सर्वाधिक वाचली गेलेली पोस्ट फिनॉल्फथॅलिनच्या चाचणीवर होती. परळच्या एका जुन्या इमारतीत खांबाचा लहानसा भाग फोडून त्यावर मी हे द्रावण फवारले. काँक्रीटची अल्कता शाबूत असेल, तर तो भाग गुलाबी होतो; तेथे मात्र पृष्ठभागापासून थेट सळईपर्यंत रंग उमटलाच नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरून अल्कता घटली, की सळईवरचे संरक्षण संपते आणि ओलाव्याने ती गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने काँक्रीटचे आवरण फुटून पडते. हा क्रम मी दोन छायाचित्रांसह मराठीत मांडला आणि अशा खांबावर नुसते प्लास्टर करून का भागत नाही, तेही लिहिले. त्यानंतर मुलुंडच्या एका सोसायटीच्या सचिवांचा संदेश आला. त्यांनी माझी पदवी किंवा फी न विचारता, आमच्या जिन्याखालच्या तुळईचेही हेच झाले असावे का, असे विचारले.

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे ऑडिट बंधनकारक आहे. त्यामुळे ऑडिटर शोधणाऱ्या सोसायट्यांच्या समित्या येथे पुष्कळ आहेत, आणि अहवालातील आकडे त्यांना कोणी उलगडून सांगत नाही, हीच आपली लिहिण्याची जागा आहे.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. पोस्टला ३,००० अक्षरांची मर्यादा असली, तरी पडद्यावर आधी पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, म्हणून निष्कर्ष तेथेच द्यावा. प्रोफाइलवर नावाखाली दिसणाऱ्या २२० अक्षरांच्या ओळखीत ‘संचालक’ असे लिहिण्यापेक्षा ‘जुन्या आरसीसी इमारतींचे ऑडिट व दुरुस्ती’ असे लिहिणे अधिक उपयोगाचे.

एका गोष्टीत मात्र मी तडजोड करत नाही. समितीची लेखी परवानगी असल्याशिवाय छायाचित्र टाकू नये, आणि परवानगी असली तरी इमारतीचे नाव, दर्शनी भाग व रहिवाशांचे चेहरे वगळावेत. पुनर्विकासाचा वाद चालू असलेल्या सोसायटीत आपल्या पोस्टमधील एखादे वाक्यही एका गटाच्या हाती पुरावा म्हणून पडू शकते. अशा इमारतीबद्दल वाद मिटेपर्यंत मी काहीच लिहीत नाही, मग तेथील निरीक्षण कितीही महत्त्वाचे असो.