गोचीड ओळखायचा तर तोंड हवं

परवा मावशीच्या गायीच्या कासेजवळचा एक गोचीड मी घाईत ओढला आणि त्याचं तोंड तिथेच कातड्यात राहिलं, चिमट्यात आला नुसता टम्म फुगलेला राखाडी मणी, सेम एरंडीची बी. (एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस, आणि लॅटिनमधे रिसिनस म्हणजे गोचीडच, म्हणजे हे साम्य तिकडच्यांनाही दिसलं होतं!) मावशी म्हणाली निघाला ना, झालं मग. पण माझी पंचाईत, कारण गोचिडाची जात बघायची तर निम्मा हिशोब तोंडापाशीच असतो.

म्हणजे बघा, खुराड्याच्या फटीत लपणारा कोंबड्यांचा अर्गास, मऊ कातडीचा, त्याचं तोंड वरून दिसतच नाही. कडक पाठीच्यांचं दिसतं, मग तोंडाचा बुडखा षटकोनी असला की रिपिसेफॅलस गटातला, तोंड लांबुडकं आणि पायांवर फिकट पट्टे तर हायलोमा, आणि तोंडाच्या दोन बाजूचे पाल्प (चाचपायचे अवयव) कोपरं काढून बसल्यासारखे, शिवाय डोळे नाहीत, तर हीमाफायसॅलिस. यातलाच स्पिनिजेरा म्हणजे आपला माकडताप पसरवणारा. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा तो आजार कळला, आणि २०१६ ला तोच आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. वैताग असा की माणसाला चावतं ते बहुतेक त्याचं तिळाएवढं पिल्लू, निम्फ, आणि त्या वयात जात ओळखणं म्हणजे डोळे फुटायची पाळी.

नावांचा घोळ वेगळाच. गुरांवरचा तो कॉमन गोचीड, आम्ही बूफिलस मायक्रोप्लस म्हणून घोकला, २००३ नंतर तो रिपिसेफॅलसमधे गेला. नमुन्यांच्या जुन्या बाटल्यांवर अजून बूफिलसच लिहिलेलं असतं, आणि खरं सांगू, माझ्या तोंडात पण तेच येतं.

असो. दुसरा गोचीड अगदी कातडीला टेकवून चिमटा धरून हळूच सरळ वर काढला, सत्तर टक्के अल्कोहोलमधे टाकला, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी (पेन वापरलं की शाई विरघळते, हा धडा आधीच शिकलोय). मायक्रोस्कोपखाली षटकोन स्वच्छ, पाल्प आखूड आणि कंगोरे असलेले. मायक्रोप्लसच.

फोन करून सांगितलं तर मावशी म्हणते, "बरं, मग औषध गायीला लावू की गोठ्याला?" आणि प्रश्न बरोब्बर होता, कारण हा पिल्लापासून मोठा होईपर्यंत एकाच जनावरावर राहतो, हायलोमा असता तर मधेच उतरून भिंतीच्या फटीत गेला असता. म्हटलं, आधी गायीला लाव.