विषाणूचे डोळे खोडताना

11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-19 ही महासाथ असल्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत, घरात अडकून पडलेल्या मुलांना नेमके काय सांगावे, असे ओळखीतले अनेक आईवडील मला विचारू लागले. कारण एवढेच की मी लहान मुलांसाठी गोष्टी लिहिते. उत्तर माझ्यापाशीही नव्हते. तरीही एक चित्रकार मैत्रीण आणि मी, अशा दोघींनी मिळून 24 पानांचे चित्रपुस्तक करायचे ठरवले. महिन्याभरात काम हातावेगळे होईल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात सात महिने लागले, आणि त्यांतले जवळजवळ दोन आम्ही एका चुकीच्या पात्राला सजवण्यात घालवले.

ते पात्र म्हणजे विषाणू. ‘कोरोना’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुकुट, त्यामुळे त्याला दुष्ट राजा करण्याचा मोह आम्हाला आवरला नाही. लाल अंग, टपोरे डोळे, करवतीसारखे दात आणि डोक्यावर काटेरी मुकुट, अशी त्याची स्वारी पानापानांतून हिंडत होती. पहिली डमी मी व्हिडिओ कॉलवरून पाच वर्षांच्या एका मुलाला वाचून दाखवली. तो हसेल असे वाटले होते. त्याने बराच वेळ चित्राकडे पाहिले आणि विचारले, “त्याला डोळे आहेत, म्हणजे त्याला मी दिसतो का?” पुढच्या दोन रात्री तो झोपण्यापूर्वी पलंगाखाली वाकून पाहत होता, असे त्याच्या आईने नंतर सांगितले.

विषाणूला डोळे नसतात, हेतू नसतो, आणि स्वतःहून तो कुठे जाऊही शकत नाही; माणसाच्या श्वासाबरोबर, खोकल्याबरोबर तो नेला जातो. आम्ही मात्र त्याला शिकारी केले होते. डोळे खोडले तेव्हा दात निरर्थक झाले, दात गेल्यावर मुकुटही गेला, आणि मग काढायचे काय हा प्रश्न उरला. हा विषाणू सुमारे 100 नॅनोमीटर रुंद असतो, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेवर साधारण 10,000 विषाणू ओळीने मावतील. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही तो लहान असल्यामुळे त्याला आपण म्हणतो तसा रंगच नसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मिळणारी चित्रे करडी असतात आणि रंग त्यांत मागाहून भरले जातात. मैत्रिणीने हे ऐकून ब्रश खाली ठेवला आणि म्हणाली, “मग मी त्याला काढतच नाही.” पुस्तकात त्याच्यासाठी एकच पान राहिले. त्यावर मधोमध अर्धा मिलिमीटरचा एक पूर्णविराम आहे आणि खाली ओळ आहे: ‘या ठिपक्याच्या रुंदीत ते पाच हजार मावतात.’ बाकी सगळीकडे तिने माणसांचे श्वास फिक्या निळ्या पाण्यासारखे रंगवले. खोली बंद असली की निळाई साचत जाते आणि खिडकी उघडली की विरते.

ही खिडकीही नंतर आली. सुरुवातीच्या महिन्यांत सगळा भर वस्तूंना होणाऱ्या स्पर्शावर होता, म्हणून आम्ही दाराच्या कडीला समोरासमोरची दोन पूर्ण पाने दिली होती. जसजसे बंद जागेतील हवेचे महत्त्व स्पष्ट होत गेले, तसतसे आमचे पुस्तक तपासणारे बालरोगतज्ज्ञ त्या पानांवर प्रश्नचिन्हे वाढवत गेले. पितळी कडीवरची चकाकी रंगवायला मैत्रिणीला चार दिवस लागले होते. ती पाने काढून टाकताना ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही. साबणाचे पान मात्र जसेच्या तसे टिकले, कारण त्यातले कारण पक्के होते: विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते, साबण ते फोडतो, आणि त्यासाठी हात किमान 20 सेकंद चोळावे लागतात.

मास्कने वेगळीच पंचाईत केली. चित्रपुस्तकातली माणसे तोंडाने हसतात, आणि इथे तोंडच झाकलेले. भुवया, खांदे आणि बोटे यांतून आनंद किंवा काळजी दाखवायला मैत्रीण आरशासमोर मास्क लावून बसायची.

सर्वांत जास्त वेळ लागला तो सोळाव्या पानाला. त्यावर गोष्टीतल्या मुलीच्या आजोबांची रिकामी खुर्ची आहे. ‘देवाघरी गेले’ असे लिहिले तर मुले ते परत कधी येणार म्हणून विचारतात आणि ‘शांत झोपले’ असे लिहिले तर त्यांना स्वतःच्याच झोपेची भीती वाटू लागते. म्हणून ‘आजोबा वारले, त्यांचे शरीर आता काम करत नाही,’ असे सरळ लिहिले. मोठ्या वाचकांना ते कोरडे वाटले, मुलांना वाटले नाही. खरी अडचण पुढेच होती. लहान मुले वाईट घटनेचे कारण पुष्कळदा स्वतःतच शोधतात. सहा वर्षांच्या एका मुलीने ते पान ऐकून विचारले, “तिने आजोबांचा हात धरला होता म्हणून झालं का?” मी लगेच लिहिले, ‘हे तुझ्यामुळे झाले नाही.’ डॉक्टरांनी ते वाक्य खोडले. त्यांचे म्हणणे असे की विषाणू मुलांकडूनही पसरतो, एखाद्या घरात तसे खरोखर घडले असेल, आणि ते मूल उद्या मोठे होऊन आपल्याला खोटे सांगितले गेले हे ओळखेल. मला राग आला. सहा वर्षांच्या जिवाला हिशेब कशाला द्यायचा, असे मी त्यांना ऐकवलेही. तीन आठवडे आणि कितीतरी खर्ड्यांनंतर जे उरले ते असे: ‘विषाणू कुणाकडून कुणाकडे गेला, हे बहुतेक वेळा कळत नाही. पण आजोबांचा हात धरणे ही चूक नव्हती. त्यांनाही तुझा हात हवा होता.’ हे वाक्य माझ्या नावावर छापले असले तरी त्यातला पहिला भाग डॉक्टरांचा आहे.

शेवटच्या पानावर मुलगी “हे कधी संपणार?” असे विचारते आणि आई “अजून माहीत नाही. कळलं की तुला सांगेन,” असे म्हणते. ‘सगळे लवकरच ठीक होईल’ हे वाक्य सगळ्यांनी सुचवले होते. आम्ही घेतले नाही.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी लस आली होती आणि तिच्यासाठी एक पान हवे होते. परंतु मध्ये पिना मारून बांधलेल्या पुस्तकाची पाने चारच्या पटीतच वाढतात, त्यामुळे एका पानापायी 28 पानांचे पुस्तक करावे लागले. एक पान लशीला, एक मोठ्यांसाठीच्या सूचनांना दिले, आणि उरलेली दोन मुलांनी त्यांना हवे ते काढावे म्हणून मुद्दाम कोरी ठेवली. छपाईच्या दिवशी सकाळीच मुद्रकाचा फोन आला: “मॅडम, सव्वीस आणि सत्तावीसचा मजकूर पाठवायचा राहिलाय.”