ई-क्लच घेऊन कोकण किनारा: दाभोळचा धक्का आणि बाकीचं

ई-क्लचची, म्हणजे क्लच आपणहून दाबणारी-सोडणारी मोटरसायकल घेऊन सागरी मार्गाने निघणाऱ्यांना आधी निकालच सांगतो. हायवेला आणि बाजारपेठेत क्लच खुशाल विसरा. खाडीतल्या फेरीबोटीच्या धक्क्यावर आणि धक्क्यावरून सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ सपाटीवर, चढणाऱ्या वळणांवर मात्र विसरू नका. मला नेमकं उलटं सांगण्यात आलं होतं. "घाटात तर खरी मजा, लिव्हरला हातसुद्धा लावायचा नाही," असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी एकानेही ही गाडी कधी फेरीबोटीत चढवली नव्हती, हे परत आल्यावर एकेकाला विचारलं तेव्हा कळलं. निघण्याआधी कुणी हे सांगितलं असतं तर दाभोळला माझा घाम निघाला नसता.

गाडी होंडाची सीबी ६५० आर. होंडाने ही यंत्रणा २०२३ मध्ये जाहीर केली, भारतात ती २०२५ मध्ये आली. गियर पायानेच बदलायचे, डावीकडे लिव्हर नेहमीसारखा आहेच. फक्त क्लच दाबायचं (म्हणजे इंजिन चाकापासून सोडवायचं) आणि सोडायचं (पुन्हा जोडायचं) काम इंजिनाच्या उजव्या बाजूला बसवलेल्या दोन छोट्या मोटर करतात. चाकांचा वेग, इंजिनाचे फेरे, थ्रॉटल आणि गियर बघून हाफ क्लच, म्हणजे अर्धवट सोडलेला क्लच, किती ठेवायचा हे कंप्युटर ठरवतो. लिव्हर दाबला की त्या क्षणी ताबा तुमच्याकडे येतो. सोडला की काही सेकंदांत यंत्रणा पुन्हा कामाला लागते. म्हणजे ही ऑटोमॅटिक गाडी नव्हे. पहिला-दुसरा-तिसरा तुम्हालाच टाकायचा आहे. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढची सगळी भानगड याच्यापासून सुरू होते.

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावला आलो. सुट्टीच्या दिवशी माणगावच्या बाजारात हायवेवर काय रांग लागते हे वेगळं सांगायला नको. तिथे या यंत्रणेला शंभर पैकी शंभर. पहिल्यात ठेवायची, ब्रेक सोडायचा, थ्रॉटल किंचित उघडायचा, थांबायचं, पुन्हा निघायचं. गाडी बंद पडत नाही, झटका देत नाही. ज्यांचं डावं मनगट दुखतं त्यांनी एवढ्यासाठी ही गाडी घेतली तरी मी त्यांना वेड्यात काढणार नाही. म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीच्या खाडीपलीकडे वेसवी, केळशी, आंजर्ले, हर्णै: रस्ता अरुंद, गर्दी कमी, अडचण काहीच नाही. बागमांडल्याला भरती होती आणि बोटीत गाड्या मोजक्याच, त्यामुळे चढणं-उतरणं सोपं गेलं. त्यामुळे उगाच वाटलं की सगळे धक्के असेच असणार.

आता दाभोळ. दापोलीकडून येणारा रस्ता शेवटी वळणं घेत गावात उतरतो. गाव अरुंद, दोन्ही बाजूंना घरं, आणि समोरून एसटी आली की कुणालातरी मागे सरावंच लागतं. अशा उतारावर पहिल्या गियरचा आधार लागतो. वेग इतका कमी झाला की इंजिन बंद पडायच्या बेतात येतं, तेव्हा ते बंद पडू नये म्हणून यंत्रणा आपणहून क्लच दाबते. यंत्राच्या बाजूने ते बरोबरच आहे. पण त्या क्षणी इंजिनाचा आधार सुटतो, २०० किलोंच्या वरची गाडी मोकळी होते आणि वळणात पुढे ढकलल्यासारखी धावते. वळणावर बारीक खडी पसरलेली असेल तर पुढच्या ब्रेकला हात घालवत नाही.

उपाय एकच. पहिल्यात राहायचं, उजवा पाय मागच्या ब्रेकवर हलका दाबून धरायचा आणि थ्रॉटल केसभर उघडा ठेवायचा, म्हणजे क्लच लागलेला राहतो आणि वेग ब्रेकने आवरता येतो. हे घराजवळच्या एखाद्या उतारावर आधी करून बघा. दाभोळच्या वळणावर, मागे जीपवाला हॉर्न वाजवत असताना शिकायची ही गोष्ट नाही.

धक्क्यावर पोचलो तर ओहोटी. ओहोटीला बोट खाली बसते, रॅम्पचा उतार वाढतो आणि एरवी पाण्याखाली असणारा ओला, शेवाळलेला भाग उघडा पडतो. तिथे इंजिन चालू, गाडी पहिल्यात आणि दोन्ही हातांना वाटतंय की आपण न्यूट्रलमध्ये आहोत. थांबलेल्या गाडीचा क्लच यंत्रणेने दाबून ठेवलेला असतो, डाव्या हातात काहीच नसतं, त्यामुळे गाडी गियरमध्ये आहे याची जाणीवच पुसली जाते. बोटीवर जागा करायला मी उतरून बाजूला उभा राहिलो, एक हात ब्रेकवर. तेवढ्यात शेजारच्या कुटुंबातल्या आठ-नऊ वर्षांच्या पोराने कौतुकाने थ्रॉटलच्या मुठीकडे हात नेला. खलाशाने त्याचा दंडच धरला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ओ दादा, गाडी गियरात हाय ना? मग बंद करा आधी!" मुठीला नुसता पीळ बसला असता तर गाडीने समोरच्या स्कूटरवर झेप घेतली असती. त्या माणसाने ई-क्लच हे नाव ऐकलेलं असेल-नसेल, पण धोका त्याला माझ्याआधी दिसला.

तेव्हा बोटीवरचा नियम: जागेवर पोचलात की गियरमध्ये असतानाच इंजिन बंद. इंजिन बंद झालं की मोटरी सोडून देतात आणि स्प्रिंगने क्लच लागतो, म्हणजे गाडी नेहमीसारखी गियरमध्ये अडकते. इंचभर पुढे-मागे हलवून ती खरंच अडकली आहे ना ते बघा, मग साइड स्टँड. खलाशी पुढे-मागे सरकवायला सांगतात तेव्हाही इंजिन बंदच ठेवा, पहिला गियर टाकलेला, आणि डाव्या लिव्हरने सोडत-धरत सरकवा. रॅम्पवर गाडी उतरवत न्यायची असेल तरी हाच प्रकार, लिव्हरचा ब्रेकसारखा वापर. जुनी युक्ती आहे, या गाडीवरही तशीच चालते.

पलीकडे धोपावे. बोटीतून उतरलं की रस्ता थेट चढाला लागतो आणि उतरलेल्या सगळ्या गाड्या एकाच वेळी तो चढ चढतात. पुढची कार वळणात अडली, तुम्हीही थांबलात. या गाडीत तुम्ही तिसऱ्यात असाल तर तिसऱ्यातच थांबता. साधी गाडी गचका देऊन बंद पडली असती, ही पडत नाही. स्क्रीनवर गियर उतरवायची खूण येते, पण चढावर तिकडे लक्ष कुणाचं जातं? तशीच थ्रॉटल दिली तर यंत्रणा हाफ क्लचवर ओढत राहते, गाडी जेमतेम हलते आणि जळक्या क्लच प्लेटचा तो वास येतो. शिवाय थांबलेली असताना क्लच दाबलेला, त्यामुळे ब्रेक सोडताच गाडी मागे. मागे बोटीतून उतरलेली दुसरी कार.

इथे माझं मत ठाम आहे: धोपाव्याच्या चढावर लिव्हर हातात घ्या. थांबताना खटाखट पहिल्यावर या, मागचा ब्रेक धरा, लिव्हरने स्वतः हाफ क्लच शोधा, इंजिनाचा आवाज किंचित बसला की ब्रेक सोडा. लिव्हर न वापरताही चढता येतं, मागचा ब्रेक धरून थ्रॉटल द्यायची आणि गाडीने ओढ घेतली की ब्रेक सोडायचा. पण वळणात, डावा पाय टेकवायला उताराची बाजू असताना, मला ते भरवशाचं वाटलं नाही. डबलसीट असाल तर मागच्याला चढाच्या आधीच उतरवा आणि वरच्या सपाटीवर पुन्हा घ्या. हे जमणार नसेल तर चिपळूणवरून वळसा घाला. लांब पडतो, पण क्लच प्लेटपेक्षा स्वस्त पडतो.

पैशाचं निघालंच आहे तर हेही सांगतो. पुढे एका गॅरेजवर हवा भरायला थांबलो. इंजिन चालू, गाडी पहिल्यात. मेकॅनिकने लिव्हर हलवून बघितला आणि म्हणाला, "क्लच वायर पार ढिली झालीय, पुढे घाटात अडकाल. टाइट करून ऑइल टाकतो, आठशे होतील." लिव्हर खरंच लुळा लागत होता. पण तो तसाच लागतो! मोटरीने क्लच दाबलेला असला की वायरवर ताण उरत नाही. इंजिन बंद करून दाखवलं, लिव्हर जागेवर आला, तरी गडी ऐकेना. हवेचे म्हणून पन्नास रुपये घेतलेच. वायरला रस्त्यावर कुणालाही हात लावू देऊ नका. लिव्हरचा खेळ कमी-जास्त झाला तर यंत्रणेचा हिशेब बिघडतो. पंक्चरचं वेगळं: ट्यूबलेस टायर आहेत, पट्टी लावणारे सगळीकडे भेटतात, पण मोठी गाडी बघून भाव चढतो, म्हणून कामाला हात लावायच्या आधी आकडा विचारा.

गुहागर, वेळणेश्वर, हेदवी हे सगळं निवांत गेलं. तवसाळ-जयगडची बोट भरतीच्या वेळी गाठली आणि काही त्रास झाला नाही. म्हणून म्हणतो, भरती-ओहोटीच्या वेळा बघूनच दिवस आखा आणि बोट चालू आहे का ते आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. पेट्रोल दापोली, गुहागर, रत्नागिरी इथे भरून घ्या, मधल्या वाड्यांचा भरवसा धरू नका.

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे जाताना आरे-वारेचा रस्ता मात्र या गाडीसाठीच केल्यासारखा आहे. उजवीकडे समुद्र, रस्ता वर-खाली, वळण सुटलं की पायाने वरचा गियर, वळण आलं की खालचा, आणि डावा हात नुसता मुठीवर. दाभोळचा सगळा राग तिथे उतरला. मी तो रस्ता पुन्हा मागे जाऊन परत केला. गियरच्या पेडलला किती जोर लागावा हे सॉफ्ट, मीडियम, हार्ड असं ठरवता येतं; काय ठेवायचं असं विचाराल तर वरचा गियर टाकताना मीडियम, खालचा टाकताना सॉफ्ट. हार्डवर पेडलला पायाचा अर्धवट धक्का बसून यंत्रणा उगाच सुरू होण्याचा प्रकार कमी होतो म्हणतात, मला तो बुटातून जडच वाटला. उजव्या नडगीला मोटरीच्या डबीचा फुगवटा लागतो, त्यामुळे चप्पल-हाफ पँटवाल्यांनी विसरा, बूट घाला.

परत आल्यावर गाडी गोड्या पाण्याने लगेच धुवा. चेन, लिव्हरचा सांधा आणि स्टँडची स्प्रिंग यांत खार पहिला बसतो. वॉशिंग सेंटरवाल्याला बजावून सांगा की उजव्या बाजूच्या त्या डबीवर प्रेशरचा फवारा जवळून मारायचा नाही; बादली आणि फडकं पुरतं.